शेवटच्या दहा मिनिटांत भारताचा संघ का ढेपाळतो?

भारताचा फुटबॉल सामना ऐंशीव्या मिनिटाला बरोबरीत असला, किंवा आपण एका गोलने पुढे असलो, की माझ्यासारख्या चाहत्याला एका जागी बसवत नाही. तसे अनुभवच आहेत. १४ जानेवारी २०१९ ला शारजात, आशिया कपमध्ये, बहारीनशी नुसती बरोबरी झाली असती तरी आपण बाद फेरीत होतो. नव्वद मिनिटं ०-० अशी काढली आणि भरपाई वेळेत, म्हणजे थांबलेल्या खेळाबद्दल शेवटी जोडतात त्या मिनिटांत, पेनल्टी देऊन बसलो. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला गुवाहाटीत ओमानविरुद्ध सुनील छेत्रीने चोविसाव्या मिनिटाला गोल केला. ब्याऐंशीव्या आणि नव्वदाव्या मिनिटाला दोन गोल खाल्ले, १-२. मार्च २०२४ मध्ये पुन्हा गुवाहाटी. समोर अफगाणिस्तान, छेत्रीचा दीडशेवा सामना, पुन्हा त्याचाच गोल, आणि सत्तराव्या नि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गोल खाऊन पुन्हा १-२. जून २०२५ मध्ये हाँगकाँगविरुद्ध भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटाला पेनल्टी, ०-१.

भुसावळ-जळगावकडे फुटबॉल पाहणारी मंडळी क्रिकेटच्या मानाने मूठभर. पण जी आहेत ती कट्टर आहेत, आणि अशा सामन्यानंतर चहाच्या टपरीवर एका वाक्यात निकाल लागतो: "जिगर नाही भो आपल्या पोरांमधी."

मला हे पटत नाही. जिगर ही जन्माला येताना मिळते किंवा मिळत नाही, असं धरलं की बोलणंच संपतं. मग प्रॅक्टिस कशाला आणि कोच कशाला? खेळाडूच्या मनाची ताकद आपण समजतो त्यापेक्षा खूप जास्त त्याच्या मांडीच्या स्नायूंत असते, त्याच्या सवयींत असते आणि त्याने आजवर किती सामने खेळलेत त्यात असते. ही तिन्ही घडवता येतात. कशी, ते जरा सावकाश पाहू.

नव्वद मिनिटांत शरीराचं काय होतं

मैदानावरचा खेळाडू एका सामन्यात साधारण दहा ते बारा किलोमीटर अंतर कापतो. ऐकायला फार वाटतं, पण त्यातला मोठा भाग चालणं आणि हळू धावणं असतं. जीव तोडून मारलेली धाव सगळी मिळून काही शे मीटरच भरते. मात्र सामना ठरतो तो याच काही शे मीटरमध्ये. शिवाय फुटबॉलपटू एका लयीत कधीच धावत नाही. दर चार-सहा सेकंदांनी काहीतरी बदलतं: थांबणं, वळणं, उडी, धक्का, पुन्हा धाव. असे हजाराहून जास्त बदल एका सामन्यात होतात. म्हणून मॅरेथॉन धावणारा माणूस फुटबॉलच्या मैदानावर वीस मिनिटांत धापा टाकू शकतो.

या जोरकस धावांना इंधन लागतं ते ग्लायकोजेन. भाकरी, भात, केळं, बटाटा यांतली साखर शरीर या रूपात स्नायूंत साठवून ठेवतं. साठा मर्यादित असतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी सामना संपल्यावर खेळाडूंच्या मांडीतले स्नायूंचे बारीक नमुने काढून तपासले, तेव्हा जवळपास निम्मे तंतू रिकामे किंवा रिकामे होत आलेले सापडले. आता गंमत बघा, पाय सरसकट थकत नाहीत. चालायला, हळू धावायला लागणारे तंतू अजून शाबूत असतात. रिकामे होतात त्यांत झटक्याने वेग घ्यायला लागणारे बरेच असतात. शेतात मोटर चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. व्होल्टेज पडलं तरी मोटर गुरगुरत राहते, पण पाणी वर चढत नाही. ऐंशीव्या मिनिटाला खेळाडू आपल्याला पळताना दिसतो, म्हणून आपण म्हणतो की दम तर आहे, मग चुकतो का? त्याचा दम आहे, पण झटका गेलेला आहे.

आता हेच जवळून पाहू. दहाव्या मिनिटाला समोरचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणारा खेळाडू, चेंडू घेऊन गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये शिरतो. ताजा बचावपटू दोन लहान पावलं मागे टाकतो, अंग तिरकं ठेवतो, विंगरला गोलपासून लांब, कोपऱ्याकडे रेटतो आणि वाट पाहतो. चेंडू विंगरच्या पायापासून हातभर सुटला की मगच पाय घालतो. नव्वदाव्या मिनिटाला विंगर तोच, डाव तोच. पण ती दोन पावलं वेळेत पडत नाहीत. अंग सरळ राहतं, विंगर खांद्याजवळून निसटायला लागतो, आणि आता बचावपटूच्या हातात एकच गोष्ट उरते, पाय लांब टाकणं. पाय पोचेपर्यंत चेंडू पुढे गेलेला असतो. पायाला लागतो तो घोटा. रेफ्री पेनल्टीच्या टिंबाकडे बोट दाखवतो आणि आपण टीव्हीसमोर ओरडतो, "अरे, डोकं कुठं होतं याचं?"

डोकं खरंच जरा मागे पडलेलं असतं. थकव्यात माणसाची नजर अरुंद होते. चांगला खेळाडू चेंडू आपल्याकडे यायच्या आधी दोन-तीनदा मान वळवून मागे-बाजूला पाहून घेतो, कोण कुठे आहे त्याचं चित्र डोक्यात ताजं ठेवतो. दमलेला खेळाडू फक्त चेंडूकडे पाहतो. चेंडू पायात आल्यावर तो वर बघतो, आणि तोवर समोरचा अंगावर आलेला असतो.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, काहीतरी केलंच पाहिजे ही ओढ. इस्रायलच्या संशोधकांनी २८६ पेनल्ट्या तपासल्या. त्यांत चौथ्या हिश्शाहून जास्त चेंडू गोलच्या मधल्या भागात मारलेले होते, पण गोलकीपर मध्ये उभा राहिला तो शंभरात जेमतेम सहा वेळा. बाकी प्रत्येक वेळी त्याने डावीकडे नाहीतर उजवीकडे झेप घेतली. उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणतील हा हललाच नाही, झेप घेऊन खाल्ला तर म्हणतील प्रयत्न तरी केला. बॉक्समधला तो लांब टाकलेला पायही त्याच जातीचा आहे असं मला वाटतं. शेवटच्या मिनिटाला थांबून वाट पाहणं फार अवघड असतं. टपरीवर ज्याला जिगर म्हणतात त्याच्या नेमकं उलट कौशल्य तिथे लागतं: अंगात येऊ न देणं.

मग पेनल्टीवर हेच जिंकतात कसे?

जिगरवाल्या मंडळींना माझा एक प्रश्न असतो. २०२३ ची दक्षिण आशियाची सॅफ स्पर्धा, बंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम. गटातल्या सामन्यात कुवेतविरुद्ध आपण १-० ने पुढे होतो आणि भरपाई वेळेत आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून चेंडू आपल्याच गोलमध्ये गेला. नेहमीचंच दुखणं. पण उपांत्य सामन्यात लेबनॉनला याच संघाने पेनल्टी शूटआउटवर, म्हणजे बरोबरी सुटेना तेव्हा आळीपाळीने पेनल्ट्या मारून, ४-२ ने हरवलं, आणि ४ जुलैला अंतिम सामन्यात त्याच कुवेतला शूटआउटवर ५-४ ने. गुरप्रीतसिंग संधूने शेवटची पेनल्टी अडवली ते दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांना अजून आठवत असेल. सप्टेंबर २०२५ मध्ये ताजिकिस्तानात प्रशिक्षक खालिद जमील यांच्या भारतीय संघाने ओमानला, म्हणजे क्रमवारीत आपल्या खूप वर असलेल्या संघाला, १-१ बरोबरीनंतर पेनल्टीवर ३-२ ने नमवलं. त्या सामन्यात पिछाडीवरून बरोबरीचा गोल आला तोही ऐंशीव्या मिनिटाच्या आसपास. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरमध्ये दहा खेळाडूंनिशी खेळून नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी साधली.

मनाने दुबळी पोरं हे करतील का? शूटआउटइतका मनाचा कस कशातच लागत नाही. मध्यरेषेपासून टिंबापर्यंत एकट्याने चालत जायचं, सगळं स्टेडियम बघतंय, अकरा मीटरवरून मारायचं.

फरक असा आहे की शूटआउटमध्ये पाय दमलेले असले तरी काम ठराविक असतं. चालत जा, चेंडू ठेव, मागे ये, श्वास घे, मार. प्रत्येक पायरी आधी हजारदा केलेली. वेगाने निर्णय घ्यायचा नसतो, कोणी अंगावर येत नसतं. चालू खेळात, ब्याण्णवाव्या मिनिटाला, दर सेकंदाला नवा निर्णय असतो आणि तो घ्यायला झटका लागतो, मोकळी नजर लागते. म्हणजे जिथे सवय कामाला येते तिथे आपण टिकतो. जिथे दमल्या पायांनी नवा विचार करायचा असतो तिथे घसरतो. मला तरी हे दुखणं प्रॅक्टिसचं आणि सामन्यांच्या संख्येचं दिसतं.

पेनल्टीचा आणखी थोडा अभ्यास करण्यासारखा आहे, कारण दडपण कसं हाताळायचं हे तिथे स्वच्छ दिसतं. चेंडू गोलपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. नॉर्वेचे गेइर योर्डेट हे मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं शूटआउटचे व्हिडिओ तपासत आले आहेत. त्यांच्या लक्षात आलं की शिट्टी वाजल्याबरोबर घाईने मारणाऱ्यांचे फटके जास्त चुकतात, आणि मोठ्या संघांत सर्वात घाई करणारे होते इंग्लंडचे खेळाडू. 'हा मारला तर आपण जिंकलो' अशा पेनल्टीवर खेळाडू बहुतेक वेळा गोल करतात. 'हा चुकला तर आपण हरलो' अशी पेनल्टी आली की त्याच दर्जाचे खेळाडू कितीतरी जास्त चुकतात. अंतर तेच, गोल तोच. बदललेलं असतं ते लक्ष. खेळाडूला चेंडूऐवजी पराभव दिसायला लागतो, मग त्यातून लवकर सुटावं म्हणून तो घाई करतो.

इंग्लंड १९९० पासून विश्वचषक आणि युरो स्पर्धेत बहुतेक शूटआउट हरत आलं. १९९६ च्या युरो उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध निर्णायक पेनल्टी चुकलेले गॅरेथ साउथगेट पुढे त्यांचेच मॅनेजर झाले. २०१८ च्या विश्वचषकाआधी त्यांनी मानसशास्त्रज्ञ सोबत घेतल्या, दमलेल्या पायांनी पेनल्टीचा सराव करून घेतला आणि टिंबाजवळ स्वतःचा वेळ घेण्याची सवय लावली. कोलंबियाविरुद्ध इंग्लंडने विश्वचषकातलं पहिलं शूटआउट जिंकलं. २०२१ च्या युरो अंतिम सामन्यात इटलीकडून ते पुन्हा हरले, हेही खरं. प्रॅक्टिसने हमी मिळत नाही, शक्यता वाढते. पण त्या रात्री शेवटची पेनल्टी चुकलेल्या बुकायो साकाने २०२४ च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्धच्या शूटआउटमध्ये पुन्हा पुढे येऊन गोल केला. मन घडतं ते असं, वर्षं घेऊन.

गोल खाल्ल्यानंतरची पाच मिनिटं

२०१४ चा विश्वचषक, उपांत्य सामना, बेलो होरिझोंते. जर्मनीने तेविसाव्या मिनिटाला ब्राझीलवर दुसरा गोल केला आणि पुढच्या सहा मिनिटांत आणखी तीन. तोपर्यंत पाय थकलेले नव्हते, अर्धा तासही झाला नव्हता. म्हणून सगळं खापर ग्लायकोजेनवर फोडता येत नाही. ब्राझीलची तेव्हा घडीच विस्कटली. प्रत्येक जण एकट्याने गोल फेडायला पुढे धावला आणि मागे मोकळं मैदान सोडलं. घरचं मैदान, नेमार दुखापतीने बाहेर, कर्णधार थियागो सिल्व्हावर बंदी. गोंधळात संघाला थांबवणारं कोणी उरलं नव्हतं.

त्याच्या शेजारी २०२२ चा अंतिम सामना ठेवा. अर्जेंटिना ऐंशीव्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे. फ्रान्सच्या एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल केले. तिथून कोणताही संघ कोसळला असता. पण अर्जेंटिना भरपाई वेळेत तग धरून राहिला, जादा वेळेत पुन्हा पुढे गेला, पुन्हा बरोबरी झाली, अगदी शेवटी त्यांचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझने पाय पसरून एक हुकमी गोल वाचवला आणि मग शूटआउट जिंकलं. मार्टिनेझ आपण मानसशास्त्रज्ञाची मदत घेतो हे उघडपणे सांगतो. आपल्याकडे अजून 'डोक्याच्या डॉक्टरकडे' जाणं म्हणजे काहीतरी बिघडलंय असं समजतात. फिजिओकडे जाणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही, मग याला का?

आता गोल खाल्ल्यावर करायचं काय, तर अगदी साध्या गोष्टी, पण आधी ठरवलेल्या. चेंडू जाळ्यातून कोण आणणार आणि तो सावकाश आणणार. कर्णधार कोणत्या चार जणांना जवळ घेणार. पुढची तीन मिनिटं चेंडू फक्त सोप्या पासने फिरवायचा, पुढे लांब मारायचा नाही. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, म्हणजे छातीतली धडधड उतरते. यात मोठं तत्त्वज्ञान काही नाही. मोठ्या दडपणात माणसाला नवं काही सुचत नाही, जे पाठ असतं तेच तो करतो. म्हणून पाठ करून ठेवायचं.

मैदानाला फेऱ्या मारून दम वाढतो का?

थोडा वाढतो. पण फुटबॉलचा दम वेगळा, हे वर आलंच. आमच्याकडे अजूनही बऱ्याच मैदानांवर प्रॅक्टिसची सुरुवात दहा फेऱ्यांनी होते आणि उशिरा आलेल्याला शिक्षा म्हणून आणखी पाच. यातून पोरं एका लयीत धावायला शिकतात. सामना तसा कधीच नसतो.

डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी तयार केलेली यो-यो टेस्ट क्रिकेटमुळे आता सगळ्यांना माहीत झालीय; २०१७ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या निवडीत तिची चर्चा सुरू झाली. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, दहा सेकंद थांबायचं, पुन्हा; प्रत्येक टप्प्यावर बीपचा वेग वाढत जातो. ती मुळात फुटबॉलच्याच गरजेतून आलेली आहे, कारण धावल्यानंतर दहा सेकंदांत शरीर किती सावरतं हे ती मोजते. फुटबॉलमध्ये दम म्हणजे हेच, सावरण्याचा वेग.

तो वाढवायची उत्तम पद्धत म्हणजे लहान मैदानावर चार विरुद्ध चार खेळवणं. चार मिनिटं जोरात, दोन मिनिटं थांबा, पुन्हा चार. यात धाव असते, वळणं असतात, चेंडू असतो आणि निर्णयही असतात. पाय आणि डोकं एकाच वेळी दमतात आणि एकाच वेळी शिकतात. फेऱ्या मारताना डोकं सुट्टीवर असतं.

आणि ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारचे सामने असतात. उष्णतेत हृदयाला दुहेरी काम लागतं: स्नायूंना रक्त पुरवायचं आणि कातडीकडेही पाठवायचं, म्हणजे अंग थंड राहावं. वजनाच्या दोन टक्के पाणी घामावाटे गेलं तरी खेळ खालावायला लागतो. चाळीस किलोच्या पोराचे हे फक्त आठशे मिलिलिटर झाले. उन्हाला शरीर सरावतं, पण दहा-चौदा दिवस रोज थोडं थोडं खेळल्यावर. घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. प्रॅक्टिसमध्ये पाणी मागणाऱ्या पोराला "पोटात गोळा येईल" म्हणून थांबवणं बंद झालं पाहिजे, इथे मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. घोट-दोन घोट, दर पंधरा-वीस मिनिटांनी.

खाण्याच्या बाबतीत तर आपण नशीबवान. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून पंचवीस ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ आणि साखर मिळते, आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. सामन्याच्या तासभर आधी एक आणि मध्यंतरात अर्धं, दुसऱ्या अर्ध्या डावात फरक दिसतो. आदल्या रात्री तेलकट शेवभाजीवर ताव मारण्यापेक्षा भात-वरण किंवा ज्वारीची भाकरी पोटभर खाल्लेली बरी, कारण दुसऱ्या दिवसाचं इंधन आदल्या दिवशीच भरलं जातं.

उन्हातल्या सामन्यात डोकं कसं वापरायचं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. २०१४ च्याच विश्वचषकात फोर्तालेझाच्या तापलेल्या मैदानावर मेक्सिको नेदरलँड्सविरुद्ध १-० ने पुढे होता. दुसऱ्या अर्ध्या डावात पाणी पिण्यासाठी खेळ थांबवला. नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई फान खाल यांनी त्या थोड्या वेळात संघाची रचना बदलण्याच्या सूचना दिल्या. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बरोबरी, भरपाई वेळेत पेनल्टी, नेदरलँड्स २-१. दोन्ही संघ तितकेच तापलेले होते. एकाने पाणी पिता पिता पुढची दहा मिनिटं आखून घेतली.

लपणारी पोरं

गावातल्या मैदानांकडे वळतो, कारण भारतीय संघातला खेळाडू कुठल्यातरी गावच्या अशाच मैदानावर पहिल्यांदा घडतो किंवा बिघडतो.

पावसाळ्यात आमच्याकडच्या शालेय सामन्यांना जाऊन बघा. काळी माती, बुटाच्या तळाला पावशेर चिखल, पोरं मधूनमधून काडीने तो खरवडताहेत. बारा-तेरा वर्षांचा एक मिडफिल्डर पहिल्या दहा मिनिटांत सुरेख खेळतो, मग एक पास चुकतो आणि त्यावरून गोल होतो. बाजूने सर ओरडतात, पालक ओरडतात, "झोपला का रे?" त्यानंतर त्याच्यावर नजर ठेवा. तो पळणं थांबवत नाही. उलट जास्तच पळतो. पण तो आता समोरच्या खेळाडूच्या पाठीमागे, अशा जागी पळतो जिथे त्याला पास देताच येणार नाही. चेंडू आपल्याकडे येऊ नये म्हणून तो मेहनत घेतोय. आणि बाहेरून लोक म्हणतात, बघा, पोरगा कसा जीव लावतोय.

माझ्या मते मनाची ताकद मोजायची खरी जागा ही आहे. चूक झाल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात खेळाडू चेंडू मागतो की लपतो? ओरडण्याने लपणं वाढतं. चुकीनंतर लगेच मागे धावून चेंडू परत मिळवणाऱ्याला "शाब्बास" मिळालं, तर दोन महिन्यांत पोरं बदलतात. सरांनी कौतुक कशाचं करायचं हे बदलावं लागतं. गोलचं कौतुक तसंही सगळे करतात.

प्रॅक्टिसच्या शेवटी एक खेळ जरूर घ्यावा. पोरं पुरती दमल्यावर, शेवटची दहा मिनिटं राखून, सहा विरुद्ध सात लावायचे. सहांच्या संघाला आधीच १-० ने पुढे धरायचं आणि ती आघाडी टिकवायला सांगायचं. बॉक्समध्ये पाय लांब टाकून फाउल केला की थेट पेनल्टी. सुरुवातीला सहांचा संघ घाबरून प्रत्येक चेंडू आडवातिडवा भिरकावतो आणि तो लगेच परत येतो. थोड्या दिवसांनी एखादं पोरगं चेंडू पायाखाली धरून कोपऱ्याकडे नेतं, दोघांना अंगावर घेतं, थ्रो-इन मिळवतं, आणि सावकाश चालत चेंडू आणायला जातं. जे भारतीय संघाला गुवाहाटीत शेवटच्या दहा मिनिटांत जमायला हवं होतं, ते हेच.

पण नुसत्या प्रॅक्टिसने होत नाही, सामने लागतात, आणि इथे आपलं घोडं अडलेलं आहे. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. तालुक्याला पहिलाच सामना हरला की त्या पोराचं वर्ष संपलं. जिंकला तर जिल्हा, मग नाशिक विभाग, तिथे बहुतेकांचा प्रवास थांबतो. त्यातही अनेकदा अर्धा डाव वीस-पंचवीस मिनिटांचाच असतो. म्हणजे पोरगं पंधरा-सोळा वर्षांचं होईपर्यंत पाय रिकामे झाल्यावर आघाडी कशी टिकवायची हा प्रसंग त्याच्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच आलेला असतो. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा महाराष्ट्रात शाळाशाळांत फुटबॉल वाटले गेले. चेंडू आले, सामने आले नाहीत. वरच्या पातळीवरही निराळं नाही. २०१४ ची पहिली इंडियन सुपर लीग जेमतेम अडीच महिन्यांची होती. पुढे ती वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये नवा हंगामच स्थगित झाला. ज्या खेळाडूंना क्लबकडून पुरेसे सामनेच नाहीत त्यांच्याकडून नव्वदाव्या मिनिटाला थंड डोक्याची अपेक्षा करायची, हे मला अन्यायाचं वाटतं.

दिल्लीत फुटबॉल महासंघ काय ठरवतो ते आपल्या हातात नाही. पण साखळी सामने भरवायला दिल्लीची परवानगी लागत नाही. सहा शाळा एकत्र आल्या आणि प्रत्येकीने प्रत्येकीशी एकदा खेळायचं ठरवलं तर पंधरा सामने होतात, प्रत्येक संघाला पाच. दिवाळीनंतर थंडी पडली की रविवारी सकाळी तीन-तीन सामने घेतले तर पाच आठवड्यांत आटोपतात. अर्धा डाव पूर्ण पस्तीस मिनिटांचा ठेवायचा, म्हणजे पाय रिकामे होण्याची वेळ यायला वाव मिळेल. गुणतक्ता शाळेच्या फळ्यावर लिहायचा. भुसावळ, वरणगाव, सावदा, फैजपूर, यावल, रावेर ही गावं एकमेकांपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. संघ सकाळच्या एसटीने येऊन दुपारच्या जेवणाला घरी पोचू शकतो.